विमानातून येणारे आजार आणि आपली कोकणातली ओपीडी

सड्यावरची
नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका आहे. इथे बरीच वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

निमित्त गणपतीआधीच्या मीटिंगचं. नेहमीचे विषय झाले. लेप्टो (चिखल-पाण्यातून होणारा ताप), डेंग्यू, विहिरींत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची), ओआरएसचा साठा, रेल्वे स्टेशनवर आणि एसटी स्टँडवर पथक. मुंबईकर येणार म्हणून सगळी जय्यत तयारी. पण चिपीचा विमानतळ आमच्याच तालुक्यात आहे, आणि पलीकडे गोव्यात मोपाचा विमानतळ झाल्यापासून थेट परदेशातून येणारा माणूस दुपारी उतरून संध्याकाळच्या आरतीला घरी हजर असतो. माझ्याकडे कुवेत-मस्कतला माणसं असलेली घरं आहेत, बोटीवरची पोरं आहेत, हाजला जाऊन आलेली म्हातारी जोडपी आहेत, किनाऱ्यावरच्या होमस्टेत गोरे पाहुणे आहेत. त्यांच्याबद्दल मीटिंगमध्ये एक शब्द निघाला नाही.

केसपेपरवर नाव, वय, गाव, वजन, बीपी यांची जागा आहे. "गेल्या महिन्यात कुठे होता" याची नाही. भादव्यात ताप म्हणजे लेप्टो नाहीतर डेंग्यू, असंच आपण सगळे धरून चालतो.

माझा प्रश्न साधा आहे. विमानाने रोग पसरतो म्हणतात तो नक्की कसा? शेजारच्या सीटवरचा खोकला म्हणून? की अजून काही? आणि माझ्या टेबलावर बसून मी त्यात काय करू शकते? जाणकारांनी लिहावं. व्हॉट्सॅपवरचं नको, ते माझ्याकडे भरपूर आहे.

वेंगुर्ल्याचो_झील
ताई, मोपा झाला तेव्हा आमी खूश झालव. आता तुमी म्हणतास थयसून रोग येतले. गणपतीक एकेका डब्यात माणसां कोंबून येतत त्यांचा काय? आणि परत चाकरमान्यांच्या नावान शिमगो नको हां. दोन हजार वीसात काय काय ऐकूक लागला ता माका म्हायती आसा.

कुळीथपिठी
वाचतेय. झीलदादा, ताईंनी चाकरमान्यांना काही म्हटलेलं नाही, उलट त्यांच्यावरच सगळं लक्ष जातंय असं म्हणतायत त्या.

रापणकर
मूळचा मालवणचा, सध्या पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. ताईंचा प्रश्न चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर.

शेजारचा खोकला हा यातला छोटा भाग. खरी गोम वेगात आहे. जंतू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही काळ जातो. फ्लूला एक ते चार दिवस, सार्स या श्वसनाच्या आजाराला दोन ते दहा, गोवराला दहा-बारा, इबोलाला दोनपासून एकवीस. बोटीचा प्रवास आठवड्यांचा होता तेव्हा माणूस बहुधा वाटेतच आजारी पडायचा आणि बंदरावर कळायचं. आज जगातलं कुठलंही मोठं शहर दुसऱ्या कुठल्याही शहरापासून दीड दिवसाच्या आत आहे. माणूस धडधाकट चढतो, धडधाकट उतरतो, आजारी पडतो तो घरी. म्हणजे आजार सापडण्याची जागा विमानतळ नाही, ताईंचं उपकेंद्र आहे.

सगळ्यात बोलकं उदाहरण सार्सचं. फेब्रुवारी २००३. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातले एक डॉक्टर, लिऊ जियानलुन, भाच्याच्या लग्नासाठी हाँगकाँगला आले आणि मेट्रोपोल हॉटेलच्या नवव्या मजल्यावर एक रात्र राहिले. ते आधीच आजारी होते. त्याच मजल्यावरच्या काही पाहुण्यांना लागण झाली. ते पाहुणे आपापल्या विमानांनी हनोईला, सिंगापूरला, टोरांटोला गेले. कुणालाच पत्ता नाही. काही आठवड्यांत त्या तिन्ही शहरांतल्या इस्पितळांमध्ये नर्सेस आणि डॉक्टर आडवे पडले. एकट्या कॅनडात ४४ जण दगावले. जगभर मिळून आठ हजारांवर रुग्ण, ७७४ मृत्यू. हनोईत हा काहीतरी नवाच आजार आहे हे ओळखून जागतिक आरोग्य संघटनेला कळवणारे डॉ. कार्लो उर्बानी स्वतः त्यातच गेले.

इथे बघा, लागण विमानात झाली नव्हती, हॉटेलात झाली. विमानांनी ती फक्त वाटली.

आणि ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. एप्रिल २००३ मध्ये भारतातला सार्सचा पहिला रुग्ण म्हणून जो जाहीर झाला तो गोव्यात होता. जहाजावरचा इंजिनिअर, परदेशातून घरी परतलेला. बरा झाला सुदैवाने.

नांगर_टाकला
रापणकर डॉक्टर, मस्त लिहिलंत. मी मर्चंट नेव्हीत, रत्नागिरीचा. त्या वेळी आम्ही कॅडेट होतो. त्या गोव्याच्या बातमीनंतर आमच्या घरच्यांनी लावलेले फोन आजही आठवतात.

माझ्या बाजूने थोडी भर. आमच्याकडे सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि पासपोर्टाच्या मधोमध एक पिवळं कार्ड असतं, प्लास्टिकच्या पाकिटात. पिवळ्या तापाच्या लशीचं. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या ठरावीक देशांतून येताना ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घेतलेली लागते, दहा दिवस पुरे झाल्याशिवाय कार्ड धरत नाहीत. पूर्वी दर दहा वर्षांनी पुन्हा टोचावं लागायचं, २०१६ पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. माझ्या ओळखीतल्या एका पोराचं कार्ड घरी राहिलं होतं आणि लग्न चार दिवसांवर. पुढचं लिहीत नाही, तो इथे वाचतो.

एवढा कडकपणा का, हे मला एका म्हाताऱ्या बोसनने (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने) सांगितलं होतं. पिवळा ताप आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा डास आहे. डेंग्यूचाच डास, एडिस. म्हणजे पेट्रोल सांडलेलं आहे, काडी तेवढी बाहेरून यायची बाकी.

बोटीत अजून एक रीत आहे. परदेशी बंदरात शिरण्याआधी कॅप्टन आरोग्याचा जाहीरनामा पाठवतो, बोटीवर कोणाला ताप, पुरळ, जुलाब आहेत का. बंदराच्या आरोग्यखात्याने मोकळीक दिल्याशिवाय कोणी उतरत नाही. तिला आम्ही फ्री प्रॅटिक म्हणतो, त्यासाठी पिवळा बावटा लावतात. विमानातही आजारी प्रवाशाची खबर कॅप्टनने उतरण्याआधी द्यायची असते. पण बोटीवर वीस-बावीस जण, सगळे एकमेकांचं ताट ओळखतात. विमानात तीनशे जण आणि ताप लपवायला एक पॅरासिटामॉल पुरते.

कुळीथपिठी
डॉक्टर, एक शंका. विमानात हवा बंद, तीच तीच फिरते, म्हणून उतरल्यावर सगळ्यांना सर्दी होते असं आमच्याकडे ठामपणे म्हणतात. माझा नवरा तर डोक्याला मफलर गुंडाळून बसतो. बंगळुरूच्या फ्लाइटला. मे महिन्यात.

रापणकर
मफलर राहू दे, निदान एसीचा झोत लागणार नाही.

हवेबद्दल मात्र समज थोडा उलटा आहे. मोठ्या जेट विमानांत साधारण निम्मी हवा बाहेरून येते आणि निम्मी हेपा फिल्टरमधून गाळून परत सोडतात. हे फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतात. केबिनमधली सगळी हवा तासाला वीस-तीस वेळा बदलते. शिवाय हवा छतातून येते आणि त्याच रांगेच्या पायाशी असलेल्या जाळीतून बाहेर ओढली जाते, पुढून मागे फारशी वाहत नाही. एसटीच्या काचा लावलेल्या गाडीपेक्षा किंवा आपल्या पावसाळ्यातल्या बंद लग्नाच्या हॉलपेक्षा ही हवा कितीतरी बरी.

पण हे सगळं यंत्र चालू असताना. १९७७ साली अलास्कात एका विमानाचं इंजिन बिघडलं आणि प्रवासी तासन् तास आतच बसून राहिले, वायुवीजन बंद. आत ५४ माणसं, त्यातल्या एका बाईला फ्लू. तीन दिवसांत ७२ टक्के लोक आजारी. वैद्यकीय विद्यार्थ्यांना हे उदाहरण अजून शिकवतात.

आणि यंत्र चालू असूनही अपवाद होतात. १५ मार्च २००३, हाँगकाँग ते बीजिंग, तीन तासांची फ्लाइट, १२० जण. एका आजारी वृद्धाकडून त्यातल्या २२ जणांना सार्स झाला असावा असं तपासात निघालं, आणि त्यातले काही सात रांगा पलीकडे बसलेले. मार्च २०२० च्या सुरुवातीला लंडन-हनोई विमानात बिझनेस क्लासमधल्या एका खोकणाऱ्या बाईनंतर आणखी पंधरा प्रवासी कोविड पॉझिटिव्ह आले, बहुतेक तिच्याच वर्गातले. दहा तासांचा प्रवास, मास्क नाहीत. टीबीसाठीही हाच हिशोब लावतात: आठ तासांहून मोठा प्रवास आणि रुग्णाच्या मागच्या-पुढच्या दोन रांगा, एवढ्यांना शोधून काढायचं.

थोडक्यात, किती वेळ आणि किती जवळ. पण पुन्हा सांगतो, केबिन हा दुय्यम मुद्दा.

जुनी_वखार
या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. सावंतवाडीचा आहे, जुनी कागदपत्रं चाळण्याचा नाद.

झीलभाऊंनी चाकरमान्यांचा विषय काढला तो बरोबर आहे, कारण कोकणाला रोग आणि वाहतूक यांचं नातं विमान निघायच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. १८९६ चा मुंबईचा प्लेग घ्या. बहुधा हाँगकाँगकडून बोटीने आला. मांडवी बंदराजवळच्या गोदामांच्या वस्तीत सप्टेंबरमध्ये तो पहिल्यांदा ओळखला डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी. हे गृहस्थ मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे. मुंबईत मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, किती जण थांबून वाचतात देव जाणे. मग लाखो माणसं मुंबई सोडून पळाली. आपल्याकडची आगबोटीने, पडावाने, घाट उतरून पायी. त्यांच्याबरोबर प्लेगही निघाला. १८९७ चा साथरोग कायदा त्याच धामधुमीतला, आणि तोच कायदा काढून सरकारने मार्च २०२० मध्ये वापरला.

१९१८ चा फ्लू तसाच. मे महिन्याच्या अखेरीस सैनिकांची बोट मुंबईला लागली, जूनमध्ये गोदीवरच्या पोलिसांपासून ताप सुरू झाला. पुढे रेल्वेने तो देशभर नेला. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली.

तेव्हा वाहन बदललं, माणसाचं गावाकडे धावणं तेच आहे. संकटात माणूस आईकडे जातो. त्याला कायद्याने थांबवता येत नाही, १८९७ मध्येही आलं नाही.

वेंगुर्ल्याचो_झील
वखारभाऊ, ह्या शेवटच्या वाक्याक माझो रामराम.

खाडीपल्याड
कुवेतमध्ये आहे, घर राजापूर तालुक्यात खाडीच्या पलीकडे. थोडं आतलं बोलतो.

मार्च २०२० च्या मध्यावर सुट्टीवर आलो, विमानं बंद होण्याच्या काही दिवस आधी. मुंबई एअरपोर्टवर डाव्या हाताच्या मागे शिक्का मारला, मतदानाची असते तसल्या शाईचा. घरात राहायचं, तारीख लिहिलेली. नियम पाळला. माडीवर एकटा राहिलो, ताट जिन्यात ठेवायचे. पण तो शिक्का कुणीतरी जेटीवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरचं दूध बंद झालं. मला साधी सर्दीसुद्धा नव्हती. रत्नागिरी जिल्ह्यातला पहिला रुग्ण दुबईहून आलेला निघाला आणि मग तर गल्फ हा शब्दच शिवीसारखा झाला.

तेव्हापासून आमच्यातली कितीतरी माणसं गावात आजारी पडली तर परदेशातून आलोय हे सांगत नाहीत. मुंबईहून आलो म्हणतात. खोटं नाही, विमान मुंबईला उतरतं. ताई, तुम्ही विचारणार ते चांगलंच आहे. पण ओपीडीत रांगेतल्या सगळ्यांसमोर मोठ्याने "तुम्ही गल्फवाले ना?" असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. आणि विचारायचंच तर सगळ्यांना विचारा, आमची आडनावं बघून नको.

सड्यावरची
खाडीपल्याड, तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. सगळ्यांना विचारायचं, बीपी बघताना, हळू आवाजात. हे जमण्यासारखं आहे.

काजूबी
मग सरळ विमानंच का थांबवत नाहीत साथ आली की? निदान पंधरा दिवस. की लगेच पर्यटन बुडतं म्हणून ओरड?

रापणकर
काजूबी, थांबवून बघितली आहेत. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी आली तेव्हा आखातातल्या अनेक देशांनी भारताची विमानं बंद केली होती. खाडीपल्याड यांच्याकडच्या वडीलधाऱ्यांना विचारा, अडकलेले लोक आठवतील. त्या साथीत मृत्यू पन्नासच्या आसपास, घबराट जगभर.

कोविडच्या ओमिक्रॉन प्रकाराचं बघा. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ ला जगाला कळवलं. दोन दिवसांत एकेका देशाने दारं लावली. त्याच २६ तारखेला दक्षिण आफ्रिकेहून ॲमस्टरडॅमला उतरलेल्या दोन विमानांतले सहाशेच्या आसपास प्रवासी तपासले, ६१ पॉझिटिव्ह, त्यातल्या डझनभर जणांत ओमिक्रॉन. २ डिसेंबरला तो कर्नाटकात जाहीर झाला. म्हणजे आपण दार लावेपर्यंत पाहुणा माजघरात. बंदीने साथ टळत नाही, थोडी पुढे ढकलली जाते. त्या मिळालेल्या दिवसांत इस्पितळं तयार केली तर फायदा, नाहीतर नुसता त्रास. शिवाय जो देश प्रामाणिकपणे आधी सांगतो त्यालाच शिक्षा होते, मग पुढच्या वेळी कोण सांगेल?

विमानतळावरच्या थर्मल कॅमेऱ्यांचंही तेच. सार्सच्या वेळी कॅनडाने लाखो प्रवासी तपासले, सार्सचा एकही रुग्ण तिथे सापडला नाही. ज्याला अजून ताप नाही तो कॅमेऱ्यात दिसणार कसा?

एक गोष्ट मात्र मला खरंच हुशारीची वाटते. अमेरिकेत २०२२ पासून काही विमानतळांवर उतरलेल्या विमानांच्या संडासातलं सांडपाणी तपासायला सुरुवात झाली. कोणाचं नाव नाही, पासपोर्ट नाही, कोणाच्या हातावर शिक्का नाही. नवा प्रकार शिरलाय का एवढंच कळतं. दहा-दहा तासांच्या प्रवासात माणूस एकदा तरी जातोच.

आणि अंतराबद्दल. डर्क ब्रॉकमन आणि डर्क हेलबिंग या दोघांनी २०१३ मध्ये दाखवलं की साथ कधी कुठे पोचणार हे किलोमीटरवर ठरत नाही, त्या दोन ठिकाणांमध्ये किती माणसं येजा करतात यावर ठरतं. त्या मोजपट्टीने राजापूरच्या खाडीकाठाला कुवेत शेजारी आहे आणि गडचिरोली परदेश.

तारकर्लीचा_वारा
मालवणला होमस्टे चालवतो. गंमत सांगतो. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत आम्हाला सी फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. कुठल्या देशाचा, कुठून आला, पुढे कुठे जाणार, सगळं. म्हणजे पोलिसांना माहीत, आरोग्य केंद्राला नाही. तोच पाहुणा ताप घेऊन माझ्याच स्कूटरवरून दवाखान्यात गेला तर तिथे केसपेपरवर फक्त "मु. पो. तारकर्ली".

दुसरं, सगळं बाहेरून इकडे येतं असंच का धरतो आपण? आपल्याकडून जात नाही?

रापणकर
जातं ना. छान मुद्दा. २००६ मध्ये आपल्या देशात चिकुनगुनियाची प्रचंड साथ होती, तेरा लाखांहून जास्त संशयित रुग्ण. पुढच्या वर्षी केरळहून एक माणूस इटलीत नातेवाइकांकडे गेला. रावेन्नाजवळच्या एका खेड्यात त्याला ताप आला. तिथे टायगर डास होते, तेही एडिसच्याच घरातले, आणि जुन्या टायरांच्या व्यापारातून जगभर पसरलेले. उन्हाळा संपेपर्यंत त्या भागात दोनशेवर इटालियन सांधे धरून बसले. युरोपात चिकुनगुनिया स्थानिक डासांनी पसरल्याचा तो पहिला प्रसंग.

डास स्वतःही विमानाने जातात. पॅरिस, जिनिव्हा, ब्रसेल्स अशा ठिकाणी, कधी आफ्रिकेत पाय न ठेवलेल्या माणसांना मलेरिया झाल्याची उदाहरणं आहेत, घर किंवा नोकरी विमानतळाजवळ. मलेरियाच्या डासाची, ॲनाफिलिसची, एखादी मादी सामानाच्या कप्प्यातून आली, उतरली, चावली, मेली. म्हणूनच काही मार्गांवर एअरहोस्टेस फवारणीचा डबा घेऊन मधून चालत जाते.

नांगर_टाकला
फवाऱ्याची ती वाट, अहाहा. अर्धे लोक रुमाल नाकाला, अर्धे झोपेत तोंड उघडं.

मलेरियावरून एक महत्त्वाचं. आमच्या बोटीवरचा एक जण पश्चिम आफ्रिकेतून साइन ऑफ होऊन (बोटीवरची पाळी संपवून) ऑगस्टमध्ये घरी आला. आठवड्याभरात ताप, थंडी, डोळे पिवळे. शेतात चिखलात उतरला होता, म्हणून लेप्टो धरून उपचार सुरू झाले. चूक कोणाची म्हणणार, कोकणात ऑगस्टमध्ये चिखल, ताप आणि पिवळे डोळे म्हटल्यावर मीही लेप्टोच म्हटलं असतं. ताप उतरेना, बडबडायला लागला. रात्रपाळीच्या सिस्टरला पाकिटातलं पिवळं कार्ड दिसलं. तिने विचारलं, हे कशाचं? मग रक्त पुन्हा तपासलं, फाल्सिपेरम मलेरिया (सगळ्यात जीवघेणा प्रकार), अंगात भरपूर. वाचला. पण दोन दिवस उशीर झाला असता तर मेंदूत गेला असता असं डॉक्टर म्हणाले.

बोटीवर प्रतिबंधक गोळ्या देतात, पण घरी आल्यावर पोरं त्या बंद करतात. त्या परतल्यावरही ठरावीक काळ घ्यायच्या असतात, हे कंपनीच्या कागदावर असतं, वाचतो कोण.

रापणकर
नांगरराव, त्या सिस्टरला माझा नमस्कार. सड्यावरच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही माझ्याआधी दिलंत.

२०१४ चा इबोला याच एका प्रश्नाची गोष्ट आहे. जुलैत लायबेरियाहून पॅट्रिक सॉयर हा माणूस विमानाने लागोसला उतरला, आजारी अवस्थेत. दोन कोटींच्या घरातली वस्ती असलेलं शहर. डॉ. अमेयो स्टेला अडादेवोह यांना पहिलं निदान मलेरिया पटेना. तो सोडा म्हणून दबाव आणत होता, वरूनही फोन येत होते, पण बाईंनी त्याला इस्पितळातून हलू दिलं नाही. पुढे आठ-नऊशे संपर्कातली माणसं घरोघरी जाऊन शोधली, रोज ताप मोजला. हे काम ज्यांनी केलं त्यांत पोलिओ मोहिमेत तयार झालेली माणसं होती, ताई, म्हणजे तुमच्याच जातकुळीची. संपूर्ण नायजेरियात वीस रुग्ण, आठ मृत्यू, २० ऑक्टोबरला देश मुक्त जाहीर. त्या आठात डॉ. अडादेवोह होत्या.

त्याच सप्टेंबरात लायबेरियाहून अमेरिकेतल्या डलासला गेलेल्या प्रवाशाने इस्पितळात आफ्रिकेतून आलोय हे सांगितलं होतं, नोंदही झाली. तरी अँटिबायोटिक देऊन घरी पाठवलं. परत आला तेव्हा उशीर झाला होता, तो गेला, आणि दोन नर्सेसना लागण झाली. सगळी यंत्रं होती तिथे. कागदावर लिहिलेलं एक वाक्य पुढच्या माणसाने वाचलं नाही.

जुनी_वखार
वरच्या दोन परिच्छेदांची प्रिंट काढून आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या फळ्यावर लावणार आहे. परवानगी गृहीत धरतो.

काजूबी
ठीक आहे, पटलं. पण मग गोव्यात बांधकामावरच्या मजुराला मलेरियाचं रक्त तपासून आरोग्य कार्ड काढावं लागतं, आणि विमानाने उतरणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, हा न्याय कुठला?

खाडीपल्याड
काजूबी, तो न्याय सगळीकडे आहे. कुवेतला व्हिसाआधी आमची छाती, रक्त, सगळं तपासतात. तिकडून इकडे हनिमूनला येणाऱ्याचं नाही.

सड्यावरची
सगळ्यांचे मनापासून आभार. मी काय करणार ते सांगते, चुकत असेल तर डॉक्टरांनी सांगावं.

केसपेपरचा नमुना बदलायला वर्षं लागतील. म्हणून रबरी शिक्का करून घेतेय, केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात मारायला, लाल शाईत: "गेल्या महिन्यात कुठे?" खाली एक रिकामी ओळ. पुढे प्रा. आ. केंद्रात गेला तरी कागदाबरोबर जाईल, आणि लाल असल्याने डलाससारखं नजरेतून सुटणार नाही. आशाताईंना सांगितलंय, गणपतीत घरोघरी फिरताना तोच प्रश्न सगळ्यांना, मुंबईकरालाही आणि दोह्याच्यालाही. विचारताना गप्पांत विचारायचं. आपल्याकडे तसंही पाहुणा दिसला की पहिलं "कधी इलास, खंयसून इलास" होतंच, ते फक्त कागदावर उतरवायचं.

तारकर्लीचा_वारा, तुमच्यासारख्या होमस्टेवाल्यांना एक विनंती. पाहुण्याला दवाखान्यात आणाल तेव्हा सी फॉर्मवरचा देश तोंडी सांगा.

रापणकर
चुकत काही नाही. एकच दुरुस्ती सुचवतो: एक महिना बहुतेक आजारांना पुरतो, पण मलेरिया कधीकधी महिन्यांनी डोकं वर काढतो. तेव्हा "आफ्रिका" ऐकलंत तर महिना विसरा, वर्षभरात कधीही गेलेला असला तरी मलेरियासाठी रक्ताची स्लाइड काढा. रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली तरी ताप असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. ताप आणि पुरळ घेऊन कोणी परदेशातून आलं तर त्याला बाकड्यावर गर्दीत बसवू नका, आधी बाहेर पडवीत. गोवर असला तर तो गेल्यानंतरही त्या खोलीच्या हवेत तास-दोन तास राहतो.

हाजवाल्यांना मेंदूज्वराची लस जाण्याआधीच घ्यावी लागते, तिचं कार्ड असतं. २००० साली हाजहून परतलेल्या लोकांबरोबर त्याचा एक प्रकार अनेक देशांत गेला होता, त्यानंतर चार प्रकारांवरची लस सक्तीची झाली. परतल्यावर ताप, मान ताठ, असं काही दिसलं तर लस झालीय म्हणून थांबू नका, लगेच वर पाठवा.

वेंगुर्ल्याचो_झील
ताई, शिक्को खंय करून घेतास? माझ्या भावाचा दुकान आसा कुडाळाक, स्टँडाच्या समोर. माझा नाव सांगा, पैसे कमी करतलो. आणि "गेल्या महिन्यात" नको, डॉक्टर म्हणतत त्याप्रमाणे "गेल्या वर्षात" घाला, शिक्को परत करूक लागाचो नाय.

सड्यावरची
झीलदादा, "गेल्या वर्षात" घातलं तर आमच्याकडचे लोक पंढरपूरपासून सुरुवात करतील आणि दुपारची ओपीडी संध्याकाळी संपेल. दोन ओळी घालते: "गेल्या महिन्यात कुठे?" आणि खाली "वर्षभरात परदेश?" भावाचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करा.